प्रोजेक्टसाठी अडचण हवी आहे

४ जुलै

प्राचार्यांनी घोंगडं माझ्याच गळ्यात टाकलं. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट यंदापासून ओपन सोर्समध्येच व्हायला हवेत, असा वरून हुकूम आहे. म्हणजे मुलांनी एखादं खेळणं बनवून परीक्षकाला दाखवून कपाटात टाकायचं नाही. जगाने फुकट वापरावं म्हणून कुणी मोकळी सोडलेली जी सॉफ्टवेअरं आहेत, त्यांत भर घालायची. ती भर तिथल्या राखणदारांनी, म्हणजे त्या सॉफ्टवेअरची देखभाल करणाऱ्यांनी, स्वीकारली तरच मार्क.

इतकी वर्षं ग्रंथालयाची नोंदणी, हजेरीपट, दवाखान्याची पावती हे तीन विषय फिरवून फिरवून वाटले. सगळ्यांचं बरं चाललं होतं.

"कल्पना तुम्ही शोधा," प्राचार्य म्हणाले. "तुमच्याइतका अनुभव आहे कुणाला?" असं ते फक्त काम ढकलायचं असलं की म्हणतात.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता असल्याच एका सॉफ्टवेअरची राखणदार आहे. तिला फोन केला. "सर, कल्पना शोधू नका, अडचण शोधा," ती म्हणाली. "कुणाची तरी खरी, रोजची अडचण. आणि लिहून ठेवत जा, नाहीतर विसराल." म्हणून ही वही. घरचं रडगाणं इथे आणायचं नाही असं ठरवलं आहे.

६ जुलै

अडचणी गोळा करायला बाहेर पडलो. औषधाच्या दुकानदाराला विचारलं, रोज कशाचा त्रास होतो? म्हणाला, "मागे रांग आहे. तुम्ही बाजूला झालात तर निम्मा त्रास कमी होईल." ग्रंथपाल म्हणाले की त्यांना काहीच अडचण नाही, कारण वाचायला कुणी येत नाही. पोस्टातल्या बाईंनी इतक्या अडचणी सांगितल्या की मीच पळ काढला. पण त्यातली एकही सॉफ्टवेअरने सुटणारी नव्हती, बहुतेक सगळ्या त्यांच्या जावेबद्दल होत्या.

दिवसाची सुरुवातच वाईट झाली होती. हिला काल बजावून सांगितलं होतं, सातला उठव. आठला उठवलं. वर म्हणते, तुम्हीच आठ म्हणालात. मी स्वयंपाकघराच्या दारातून स्पष्ट सात म्हटलं होतं. चूक म्हणून मान्य करायची नाही, हा हिचा नवाच स्वभाव. कोर्टात स्टेनो आहे. साक्षीदार बोलतो, ही टिपते. इतक्या वर्षांत कुणाला हिच्या कागदात काना-मात्रेची चूक सापडली नाही, त्याचा ताठा असेल.

११ जुलै

प्रोजेक्टचा पहिला तास. वर्गात एक मुलगी आहे, तिचं प्रत्येक वाक्य "सर, एक शंका" असं सुरू होतं. तिचं नाव मी मनातल्या मनात शंका ठेवलंय. आजची शंका: "आपण ज्यांच्यासाठी बनवणार, त्यांना आधी विचारणार ना?"

"आधी बनवू, मग विचारू," मी म्हटलं. वर्ग हसला. ती हसली नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. हिने "हो, हो, बरं" करून फोन माझ्या हातात कोंबला. हल्ली असंच करते. मुलगी विचारत होती, "बाबा, आईचं काय बिनसलंय? मी सांगितलं की दोन दिवस ताप आहे, तर म्हणाली, छान झालं."

हिला विचारलं तर नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं, काम मिळालं म्हणाली." पोटच्या पोरीचं बोलणंही आता लक्ष देऊन ऐकवत नाही.

१५ जुलै

सापडली! आणि तीही जिन्यात.

शेजारचे वकील वर येत होते. त्यांनाही तोच प्रश्न टाकला. ते पिशवी खाली ठेवून म्हणाले, "आमच्याकडे हल्ली साक्षी टिपण्यात फार घोळ होतात. साक्षीदार बोलतो एक आणि कागदावर येतं भलतंच. पुन्हा अर्ज करा, पुन्हा तारीख घ्या." मग एकदम थांबले. "घरी काही बोलणं झालं नाही का तुमचं?"

"कशाबद्दल?"

"असू दे," म्हणाले आणि पिशवी उचलून वर गेले.

लगेच जुन्या विद्यार्थिनीला फोन केला. ती उडालीच. बोललेलं ऐकून लिहिणारं एक मोकळं सॉफ्टवेअर आहेच म्हणाली, पण आपल्या भाषेत ते फारच अडाणी आहे. मुलांनी आवाज गोळा करावेत, चुका शोधाव्यात, सुधाराव्यात; राखणदार तर हात जोडून स्वीकारतील. साक्ष टिपणारं यंत्र! कितीतरी दिवसांनी जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढलो.

१६ जुलै

काल जेवताना हिला सांगितलं. समोरच बसली होती. माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. इतकं लक्ष तिने कित्येक महिन्यांत दिलं नव्हतं.

"साक्षीदार बोलेल आणि अक्षरं आपोआप पडद्यावर येतील," मी म्हटलं.

"आणि मी?"

"तुझा त्रास वाचेल. तुमच्याकडे घोळ होतात म्हणे हल्ली टिपण्यात."

"कोण म्हणालं?"

"वकील."

ती अर्ध्या ताटावरून उठली. नळ सोडला आणि भांडी घासत बसली. मी मागून दोनदा हाक मारली, वळूनसुद्धा बघितलं नाही. मला वाटलं होतं, निदान "वा" तरी म्हणेल. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून काही नवं होतंय, तर हिला ते बघवत नाही असं दिसतंय.

२४ जुलै

शंका आज घरी आली होती. कोर्टात नेमकं काय काय टिपतात ते तिला हिच्याकडून ऐकायचं होतं. मला धाकधूक होती की ही तोंड फुगवून बसेल. पण दोघींचं छान जमलं. शंका खुर्ची वळवून हिच्या पुढ्यात बसली, आणि एकेक शब्द सुटा करत, लहान मुलाशी बोलावं तशी बोलत होती. मला ते जरा उद्धटपणाचं वाटलं. ही मात्र रागावली नाही. साक्षीदार कसे अडखळतात, कसे रडत रडत बोलतात, न्यायाधीश साहेब कसे पुटपुटतात, सगळं सांगत होती. एकदा तर खळखळून हसली. हा आवाज या घरात बरेच दिवसांनी आला.

शंकाला खालपर्यंत सोडायला गेलो. "सर, एक शंका. कामाची नाही आहे," ती म्हणाली. "काकू तुमच्या ओठांकडे…"

"कामाची नसेल तर नंतर," मी म्हटलं. तिची बस आली होती.

२ ऑगस्ट

काम जोरात. मुलांनी आपापल्या घरच्यांचे, दुकानदारांचे, वॉचमनचे आवाज जमवलेत. यंत्र सध्या ठार वेडं आहे. "मी घरी नव्हतो" हे "मी खरी नवमी" असं लिहितं. पण रोज थोडं शहाणं होतंय. राखणदारांनी मुलांच्या दोन छोट्या दुरुस्त्या घेतल्यासुद्धा.

घरी टीव्ही इतका मोठा असतो की खालच्या मजल्यावरून तक्रार आली. मी आवाज कमी केला की ही उठून आत निघून जाते. सरळ सरळ भांडण उकरून काढणं आहे हे. मीही बोलणं कमी केलंय. बघू कोण आधी बोलतं.

१३ ऑगस्ट

वकिलांनी नको नको म्हणत का होईना, कोर्टातल्या मोठ्या साहेबांची, म्हणजे मुख्य न्यायाधीशांची, गाठ घालून दिली. साहेब उत्साही निघाले. पुढच्या आठवड्यातल्या सुट्टीच्या दिवशी कोर्टाच्या दालनात प्रात्यक्षिक करा म्हणाले. एका जुन्या खटल्यातली साक्ष, नावं बदलून, एखादा तरुण वकील वाचेल. एकीकडे यंत्र टिपेल आणि एकीकडे स्टेनो. मग दोन्ही मूळ मजकुराशी ताडून बघायचं. स्टेनो म्हणून त्यांनी हिचंच नाव घेतलं. सगळ्यांत ज्येष्ठ, सगळ्यांत तरबेज.

मी खुशीत घरी आलो. ही ऐकून पांढरी पडली.

"दुसऱ्या कुणाला नाही का बसवता येणार?"

"अगं, मान आहे तो. मुद्दाम तुझं नाव घेतलं त्यांनी."

"माझी तब्येत बरी नाही म्हणून सांगा."

"काय झालंय तब्येतीला?"

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. नेमका तेवढ्यात प्राचार्यांचा फोन आला. मी बोलून परत आलो तोवर ती कपडे वाळत घालायला गेली होती. यंत्राकडून हरू अशी भीती वाटत असणार. साहजिक आहे. पण यंत्राला अजून तिची सर यायला अवकाश आहे, हे तिलाही तिथेच दिसेल. तिचाच भाव वधारेल. ही गोष्ट तिला सांगायला हवी होती, राहून गेली.

१९ ऑगस्ट

शंकाने डोकं खाल्लं. "सर, स्टेनोला मध्ये आणायलाच हवं का? यंत्राने लिहिलेलं आणि मूळ मजकूर, एवढं ताडून बघितलं तरी पुरे आहे."

"माणसाशी तुलना केल्याशिवाय साहेबांना पटणार कसं?"

"मग काकू नकोत. दुसरं कुणीतरी."

"घरचं माणूस वगळलं की लोक म्हणतील, काहीतरी लपवतायत."

"सर, माझे वडील छापखान्यात होते. तिथल्या आवाजाने त्यांचे…" एवढ्यात प्राचार्य पाहुण्यांची यादी घेऊन आत आले. तिच्या वडिलांचं काय ते विचारायचं राहिलं.

२२ ऑगस्ट

जसं झालं तसं लिहितो.

दालनात मोठे साहेब मागच्या बाकावर बसले होते, जवळ प्राचार्य, वकील, दोन-तीन न्यायाधीश, माझी मुलं. ही तिच्या नेहमीच्या टेबलाशी, कॉम्प्युटरपुढे. पंखे फुल्ल. यंत्राचा माईक मी साक्षीदाराच्या पिंजऱ्याच्या डाव्या अंगाला लावला. साक्ष वाचणारा तरुण वकील सवयीने स्टेनोकडे तोंड करून उभा राहिला होता. आवाज माईकमध्ये सरळ जावा म्हणून मी त्याला दंडाला धरून वळवलं. त्याची पाठ हिच्याकडे आली. माझ्या मनात आलं, हिला काय, ही डोळे मिटूनही टिपेल.

ती अर्धवट उठली. "त्यांना जरा इकडे वळायला सांगता का?"

"माईक आहे. हलता येणार नाही," मी लॅपटॉपच्या मागून म्हटलं.

"काय?"

मी माईककडे बोट दाखवलं. ती खाली बसली.

साक्ष सुरू झाली. ही पहिल्यांदा एकसारखी मान वर करून त्या पाठीकडे बघत होती. मग बघायचं थांबली आणि नुसती टिपत राहिली, खाली मान घालून, न अडखळता. मला वाटलं, आता लय सापडली हिला.

मग पडद्यावर दोन रकाने आले. डावीकडे यंत्राचं, उजवीकडे हिचं, चुकलेले शब्द लाल. आधी यंत्राचं वाचलं. मूळ साक्षीत होतं, "मी साठ पावलांवर होतो. सासऱ्यांनी हाक मारली, पण मी थांबलो नाही." यंत्राने लिहिलं होतं, "मी साठ पावसावर होतो. सासरच्यांनी हात मारली पण मी थांबलो नाही." सगळे हसले. साहेबही हसले.

मग उजवा रकाना. "मी आठ पावलांवर होतो. त्यांनी हाक मारली म्हणून मी थांबलो." खाली जवळजवळ प्रत्येक ओळीत लाल. हसू बसल्या जागी विरलं. यंत्राच्या चुका वेड्यावाकड्या होत्या, कुणालाही कळाव्यात अशा. हिची वाक्यं सगळी शुद्ध होती, अर्थ लागत होता. फक्त ती कुणी बोललेलीच नव्हती.

मागून साहेब म्हणाले, "मॅडम, हे आठ कुठून आलं?"

ही पडद्याकडे बघत होती.

"मॅडम?"

ही पडद्याकडेच बघत होती. साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं, चांगलं मोठ्याने. दालनातलं प्रत्येक माणूस त्यांच्याकडे वळलं, ही सोडून. शेवटी वकिलांनी उठून तिच्या खांद्याला हात लावला. ती दचकून उभी राहिली, "यस सर" म्हणाली आणि माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं, मीच विचारलंय.

मी लॅपटॉप मिटला. पडदा निळा झाला, एवढाच उपयोग. शंका कुठल्यातरी कोपऱ्यात तोंड फिरवून उभी होती.

२३ ऑगस्ट

घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

२५ ऑगस्ट

आज सकाळी तिनेच सुरुवात केली. चहाचे कप पुढे ठेवले आणि समोर बसली.

"दोनेक वर्षं झाली. आधी पाखरं गेली. मग दाराची घंटा. मग शब्दांची टोकं जायला लागली. होता म्हणाला की नव्हता, हे मी साहेबांच्या चेहऱ्यावरून काढायचे."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तुम्ही पेपर तपासत होता. म्हणालात, मळ असेल कानात."

मला हे आठवत नाही. पण ती खोटं बोलत नाही.

"ऐकू आलं नाही तर स्टेनोने जागा कोरी सोडायची आणि साहेबांना विचारायचं. पहिल्याच दिवशी शिकवतात हे. मी विचारायचे हो सुरुवातीला. साहेब वैतागायला लागले. मग विचारणं सोडलं आणि अंदाजाने भरायला लागले. इतकी वर्षं केलेलं काम. माणूस पुढे काय म्हणणार ते कळायचं. बहुतेक वेळा बरोबर यायचं."

मी काहीतरी बोलायला गेलो. तिने हात वर केला.

"मला थांबवायलाच हवं होतं कुणीतरी. माझ्या अंदाजाने एखाद्याचं वाटोळं झालं असतं. झालंही असेल. पण थांबवायचं होतं तर घरात थांबवायचं. तिथे, पोराटोरांसमोर, पडद्यावर लाल करून नाही."

चहा तसाच गार झाला.

३ सप्टेंबर

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तिला काचेच्या खोलीत बसवून हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी बाहेरून बघत होतो. तंत्रज्ञ एकामागून एक सूर सोडत होता आणि तिचा अंगठा बटणावर नुसता टेकलेला होता. चेहऱ्यावर, आता येईल, आता येईल, असं काहीतरी. तो चेहरा मला बघवेना. भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिलो.

डॉक्टर आलेख दाखवून मला समजावायला लागले. ती म्हणाली, "कान माझे आहेत. माझ्याकडे बघून सांगा."

शिरा गेल्या आहेत. गेलेलं परत यायचं नाही. आहे तेही हळूहळू जाईल. कानात घालायच्या यंत्राने थोडी मदत होईल. जिन्यातून उतरताना मी तिचा हात धरायला गेलो, तर म्हणाली, "पाय शाबूत आहेत माझे."

१० सप्टेंबर

तिची बदली रेकॉर्ड रूममध्ये केली. फाइली काढायच्या, फाइली ठेवायच्या. मोठ्या साहेबांनी सांभाळून घेतलं म्हणतात सगळे.

तिने टिपलेल्या अलीकडच्या साक्षी तपासायला घेतल्यात. वकील म्हणाले, एका खटल्यात साक्षीदाराला पुन्हा बोलवावं लागणार. त्यातला आरोपी अजून कोठडीतच आहे. "मला शंका होती रे," ते म्हणाले, "पण इतक्या वर्षांचा शेजार. तोंड उघडवेना." हे हिला सांगावं की नाही याचा दिवसभर विचार केला. शेवटी संध्याकाळी सांगितलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "ती फाइल मीच काढून दिली आज."

१८ सप्टेंबर

मुलांचं सॉफ्टवेअर मी माझ्या फोनवर बसवून घेतलं. मी बोललो की अक्षरं उमटतात. आता बऱ्यापैकी लिहितं. जेवताना फोन तिच्या ताटासमोर उभा केला आणि म्हटलं, "आज काय काय झालं कोर्टात?" अक्षरं उमटली. एक चूक नाही.

तिने ती वाचली. मग फोन पालथा घातला.

"मला तुमचा प्रोजेक्ट व्हायचं नाही."

"अगं, मदत म्हणून…"

"इतकी वर्षं माझ्याकडे बघून बोलायला सवड नव्हती. आता फोनकडे बघून बोलणार. आणि मी फोनकडे बघून ऐकणार. म्हणजे दोघंही सुटलो."

मी फोन उचलून खिशात ठेवला. तिने भाजी वाढून घेतली आणि जेवत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

२९ सप्टेंबर

शंकाने कोर्टाचं काम सोडलं. मला वाटलं, वैतागून सोडलं. तर म्हणाली, "मला दुसरा विषय सुचलाय, सर. यंत्राला जो शब्द नीट ऐकू आला नाही, तिथे त्याने अंदाज लिहायचाच नाही. जागा कोरी सोडायची. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे, इथे काहीतरी होतं आणि ते माझ्या हाती लागलेलं नाही."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हटलं, "हे कुणाकडून आलंय, माहीत आहे मला. तिला विचारलंस का?"

"आधी त्यांनाच विचारलं, सर. नंतर तुम्हाला."

कळलं ते असं की गेले काही दिवस ती रेकॉर्ड रूममध्ये दुपारच्या सुट्टीत जाते आहे. हिने तिला सगळं सांगितलंय. एक शब्द गेला तर जागा केवढी, वाक्य गेलं तर केवढी. आकडा आणि "नाही" या दोन गोष्टी तर शंभर टक्के खात्री असल्याशिवाय कधीच लिहायच्या नाहीत. तिच्या वडिलांचं काय ते आज मी विचारलं. छापखान्याच्या धडधडीने त्यांचे कान गेले, आणि घरात ते कळलं तेव्हा शंका सहावीत होती. तोवर सगळे त्यांना तिरसट समजत होते.

"मला तुम्हाला सांगायचं होतं, सर," ती म्हणाली. "दोनदा."

"हो," मी म्हटलं.

१४ ऑक्टोबर

राखणदारांनी शंकाची भर घेतली. आधी तिघांनी विरोध केला. वाचणाऱ्याला सलग मजकूर आवडतो, भोकं पडलेलं पान कुणाला बघवतं, असं त्यांचं म्हणणं. माझी जुनी विद्यार्थिनी बरीच भांडली म्हणे. शेवटी घेतली, पण मुळात बंद ठेवून; ज्याला हवं त्याने शोधून चालू करायचं. शंकाला मार्क मिळतील. कोर्टालाही सॉफ्टवेअर हवं आहे, वकिलांनी निरोप आणला, पण कोऱ्या जागांची सोय बंदच राहू द्या म्हणून. कागद पूर्ण दिसला पाहिजे.

प्राचार्यांनी पाठ थोपटली. आसपासच्या कॉलेजांमध्ये आपलं नाव झालं म्हणाले. पुढच्या वर्षासाठी अशाच चार-पाच जिवंत कल्पना काढून ठेवा. मी "बघतो" म्हणून निघालो. पायऱ्यांवर शंका भेटली, तिचं अभिनंदन केलं. म्हणाली, "काकूंचं नाव घालू देत नाहीत त्या. मी खूप म्हटलं." आणि मग, "तुम्ही घरी सांगाल ना त्यांना, घेतलं म्हणून?"

घरी आलो तेव्हा ही पलंगाशी उभी राहून कपड्यांच्या घड्या घालत होती, दाराकडे पाठ. कानातलं यंत्र टेबलावर काढून ठेवलेलं. घरात ते घालत नाही, भांडी फार वाजतात म्हणते. मी दारातच उभा राहिलो. शंकाचं सांगायचं होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. त्या दिवशी मी त्या पोराला तुझ्याकडे पाठ करून उभा केला, तू विचारलंस तरी वळवला नाही. तुझा चेहरा पांढरा पडलेला बघितला होता मी, तरी मला वाटलं, हरायची भीती आहे. मला माफ कर. आणखीही बरंच बोललो. इतकं सलग मी तिच्याशी कधी बोललो होतो, आठवत नाही. ती घड्या घालत राहिली. एका उशीच्या अभ्र्याची घडी तिने मोडून पुन्हा घातली.

मग ती कपडे उचलून वळली आणि मला बघून थबकली.

"काही म्हणालात?"

"काही नाही."

तिने कपडे पलंगावर ठेवले. "ओठांवरून मला सगळ्यांत आधी कुठले शब्द ओळखता यायला लागले, सांगू? हे दोन. सगळे हेच म्हणतात."

मी खुर्ची ओढून खिडकीशी नेली, तोंडावर उजेड येईल अशी, आणि तिला समोर बसवलं. पहिल्यापासून सांगायला लागलो. ती माझ्या तोंडावरून नजर हलवत नव्हती. मध्येच म्हणाली, "हे कळलं नाही. परत सांगा." परत सांगितलं. "हळू." हळू सांगितलं. माफीपाशी आलो तेव्हा रडू फुटलं, आणि ओठ काही केल्या नीट हलेनात.

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"थांबा," ती म्हणाली. "असं काही वाचता येत नाही मला. आधी रडून घ्या, मग सांगा."